घागरीवरचं डांगर

आमच्या घरात एका चुलीच्या दोन चुली झाल्या त्या चिलटांमुळे, असं मी पुष्कळ वर्षं लोकांना सांगत आलो. सांगायला ते सोपं होतं. ऐकणारा हसायचा आणि पुढचं काही विचारायचा नाही. पण आता हे सगळं लिहायलाच बसलो आहे तर खरं लिहावं. भांडण आधीचं होतं, चिलटं मागाहून आली. आणि चूल ज्या दिवशी वेगळी झाली त्या दिवशी दोघींच्या मध्ये उभा होतो तो मी, आणि माझ्या तोंडून शब्द निघाला नव्हता.

कॉलेजचं पहिलं वर्ष संपवून मी बुलढाण्याहून गावी आलो होतो. गाव धामणगाव बढ्यापासून दोन कोसांवर, एस.टी. तिथपर्यंत यायची, पुढे पायी. खांद्यावर पत्र्याची पेटी, पेटीत तीन वह्या आणि उसनं आणलेलं एक पुस्तक. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. तसं पाहिलं तर चौथीच्या पुढे गेलेलाही पहिलाच. त्यामुळे मी घरी आलो की सगळ्यांना वाटायचं, याच्याजवळ काहीतरी आलं असणार. आणि मला स्वतःला मात्र रोज वाटायचं की माझ्याजवळ अजून काहीच आलेलं नाही, आणि हे एक दिवस सगळ्यांना कळणार.

घर धाब्याचं, मातीच्या छताचं. सैपाकाची खोली सगळ्यात मागे. तिला भिंतीत एक झरोका, तेवढाच उजेड. भिंतीवर हिवतापाच्या फवारणीवाल्यांनी टाकलेला गेरूचा आकडा. चूल एक आणि तिच्यापुढे दोन बाया. माझी माय, आणि मोठी माय. मोठी माय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. त्या भावाला आम्ही मोठे बाबा म्हणायचो. त्यांना मूलबाळ नव्हतं. मला कॉलेजात घालायचं हे त्यांनीच ठरवलं, आणि मी गेल्यावर सहा महिन्यांतच, ऐन हिवाळ्यात, छातीत कळ येऊन ते गेले. तेव्हापासून सैपाकघराचा आवाज बदलला. मोठी माय भाकर थापायची तर नुसती थाप ऐकू यायची, तिचे हात मोकळे झाले होते. मायच्या हातात मात्र बांगड्या होत्या, आणि ती पीठ मळो की पाणी ओतो, त्या वाजायच्या. माय त्या आपल्याला मुद्दाम ऐकवते, असं मोठ्या मायला वाटायचं. कधी कधी मलाही वाटायचं.

दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. बोलत नव्हत्या म्हणजे भांड्यांशी बोलायच्या. "या तव्याले काय, कोणी बी तापवा," असं मोठी माय तव्याला सांगायची. "मिठाच्या बरणीले तोंड असतं तं सांगितलं असतं कोण सांडते ते," असं माय बरणीला. माझे वडील सकाळी शेतात जायचे ते दिवेलागणीला यायचे. "दोघींच्या मधी पडलो तं माहेच दात पडतीन," एवढंच ते मला एकदा म्हणाले, आणि उन्हाळ्यात शेतात काही काम नसताना शेतात गेले.

भांडणाचं मूळ मोठ्या बाबांच्या तेरवीत होतं. तेरवीच्या पहिल्या पंगतीत भाच्याचं पान मानाचं. भाचा म्हणजे गणपतदादा, माझ्या वारलेल्या आत्याचा मुलगा. तो डोणगावला धान्याच्या आडतीत मापारी होता. त्या दिवशी त्याची एस.टी. वाटेत बंद पडली. ऊन डोक्यावर आलं, शे-दीडशे माणूस बसलेलं, वरण निवत चाललेलं. मायनं पंगत वाढली. मोठी माय आत कोपऱ्यात बसलेली, तिला कोणी विचारलं नाही. गणपतदादा आला तेव्हा दुसरी पंगतही उठत होती. त्याला वाढलं ते खरकटं काढणाऱ्या गड्यांबरोबर. त्यानं पान तसंच सरकवलं आणि उठला. "ज्या घरात मामाच्या तेरवीले भाच्याचं पान राखत नाहीत, त्या घरात माहं काय काम?" म्हणाला आणि पायात वहाणा घालून चालता झाला. माय म्हणायची, दीडशे माणूस मी उन्हात वाळत घालू का? मोठी माय म्हणायची, एक पान राखायले काय लागत होतं? दोघींचंही खरं होतं. म्हणूनच ते मिटत नव्हतं.

मग आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, आली. आमच्याकडे आखाजीला गेलेल्या माणसाच्या नावानं मातीची कोरी घागर भरतात. तिच्या तोंडावर लहान मडकं, त्यावर डांगर. डांगर म्हणजे नदीच्या वाळूत पिकतं ते खरबूज. बाजूला दोन आंबे, दोन सांजोऱ्या. घास जाळावर टाकतात, कावळ्याला ठेवतात, मग पोळ्या, आमरस, कुरड्या, चिंचवणी असं जेवण होतं. पहिल्या वर्षाच्या घागरीची मात्र आमच्या घराण्यात वेगळी रीत. ती भाच्यानं उचलायची. त्यानं आधी जेवायचं, डांगर कापून पहिली फोड खायची, आणि घागर खांद्यावर घेऊन उंबरठा ओलांडायचा. तो ओलांडला की गेलेला माणूस पाणी प्याला. तोवर तो तहानेला.

गणपतदादा आला नाही. आखाजीच्या दिवशी दुपारपर्यंत मोठी माय दारात बसून होती. आमरसावर साय धरली. संध्याकाळी आम्ही जेवलो, ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी वडिलांनी भीत भीत म्हटलं, "वहिनी, घागर म्या उचलू का?" तर ती म्हणाली, "तुम्ही घरचे. घरच्यानं घरचं पाणी उचललं तं ते गेलं कुठी?" घागर सैपाकघराच्या कोपऱ्यात, पाटावर, तशीच राहिली.

चौथ्या-पाचव्या दिवशी चिलटं दिसली. आधी दोन-चार, डांगराच्या देठाशी घिरट्या घालणारी. मग पंधरा-वीस. मग मोजायचं कारणच उरलं नाही. परवा आमच्या सुनेनं केळ्यांच्या टोपलीपाशी चार चिलटं पाहिली आणि वाटीत व्हिनेगर ओतून वर कागद ताणून बसवला. दुसऱ्या दिवशी चिलटं वाटीत आणि विषय संपला. मी पाहत बसलो होतो. तिला काय सांगणार? आमच्या घरात त्या उन्हाळ्यात ताटावरून हात हलवल्याशिवाय घास तोंडात जात नव्हता. ताकात चिलटं, कणकेत चिलटं, दिव्याच्या काचेवर चिलटं. बोलायला तोंड उघडलं की तोंडात. मी तसा मऊ माणूस, पण त्या किड्यांचा मला जो राग आला तसा पुढच्या आयुष्यात माणसांचाही फार थोड्या वेळा आला. चावत नाहीत, डंख नाही, आवाज नाही. नुसती असतात. हात मारला की उडतात आणि हात खाली येण्याआधी परत तिथेच.

मायनं कडुनिंबाच्या पाल्याचा धूर केला. डोळे आमचे गेले, चिलटं झरोक्याबाहेर जाऊन धूर विरला तशी परत आली. तिनं जमीन दोनदा सारवली, उष्टं-खरकटं लगेच बाहेर टाकायला लागली, आंबे ओसरीत हलवले. प्रत्येक उपाय करताना ती घागरीकडे पाठ करून मोठ्यानं बोलायची. "सडून राह्यलं घर. पण सडणाऱ्याले कोणी हात लावाचा नाही. आपण आपले हात घासा."

मोठी माय भाकरीवरचं चिलट बोटानं उडवून म्हणायची, "भाचा आला असता तं सडलं नसतं. भाच्याले कोणी हाकललं ते चिलटाईले विचारा."

"तू कॉलेज शिकून आला ना बे?" माय मग माझ्याकडे वळायची. "काही शिकवलं का तिथी? का नुसतेच पांढरे कपडे घालून फिरता?"

मी तेव्हा खरंच एक गोष्ट शिकून आलो होतो. जीवशास्त्राच्या सरांनी फळ्यावर माशीचं जीवनचक्र काढून दाखवलं होतं: अंडं, अळी, कोष, माशी. माझ्या वहीत ती आकृती होती, बाण रंगीत पेन्सिलीनं काढलेले. मी एका लोटीत गुळाचं पाणी ठेवलं, वर कागदाचा नरसाळ्यासारखा कोन बसवला. सकाळी लोटीत शेकडो चिलटं बुडालेली. मी ती मायला दाखवली. तिनं लोटीत पाहिलं, मग वर पाहिलं. वर तेवढीच होती.

"हे पाव्हणे बोलवायचं काम झालं," माय म्हणाली. "घरच्याईचं काय?"

आता मला मोठ्या मायशी बोलणं भाग होतं. मी दोन दिवस शब्द जुळवले. ती ओसरीत तांदूळ निवडत होती तिथे जाऊन बसलो आणि म्हणालो, "मोठी माय, चिलटं त्या डांगरातून निघून राह्यली. त्यात अंडी घालतात, आतमधी अळ्या होतात. ते डांगर काढलं तं आठ दिवसात सगळं बंद होईन. शास्त्रच हाये तसं."

तिनं सुपातून मान वर केली नाही. "तुह्या मोठ्या बाबाच्या पाण्यात अळ्या हायेत म्हणतं?"

"पाण्यात नाही, डांगरात."

"कोणं शिकवलं तुले हे?"

"कॉलेजात."

"कॉलेजात कोणं घातलं?"

मी उठून आलो.

पुढे मी जे केलं ते मला तेव्हा फार हुशारीचं वाटलं होतं. हे मला लाज वाटली तरी लिहिलं पाहिजे, नाही तर तुम्हाला ते नुसतं पोरकट वाटेल. मला खरोखर वाटलं की यात कोणाचंच वाईट नाही. बाजाराच्या दिवशी धामणगावला गेलो आणि तेवढ्याच आकाराचं, तसंच पिवळट, तशाच हिरव्या रेघांचं डांगर निवडून आणलं. डांगरवाला वैतागला. "खायाले पाहिजे का लग्न लावाले?" म्हणाला. ते डांगर मी पेटीत वह्यांखाली लपवलं. जीवशास्त्राच्या वहीला त्याचा वास पुढे वर्षभर येत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी माय नदीवर धुणं घेऊन गेली. मोठी माय ओसरीत पडली होती. मी सैपाकघरात गेलो आणि जुनं डांगर उचललं. उचललं म्हणजे वरचा भाग हातात आला. खालचा मडक्याला चिकटून राहिला आणि माझी बोटं आत गेली. आत सगळं पाणी झालं होतं आणि त्या पाण्यात तिळाएवढ्या पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. कडेला, सालीच्या आतून, तपकिरी कोष ओळीनं चिकटलेले. खरं सांगतो, मला किळस आली ती नंतर. आधी आनंद झाला. वहीतली आकृती खरी होती! अळी होती, कोष होता, आणि डोक्याभोवती माशा होत्या. बाण तेवढे नव्हते. मी तिथे किती वेळ बसून पाहिलं कोण जाणे.

मग दिसलं की रस मडक्यातून झिरपून घागरीत उतरला आहे. पाण्यावर तवंग, तवंगात मेलेली चिलटं. ते पाणी तसंच ठेवणं मला जमेना. मी घागर परसात नेली, शेवग्याच्या बुडाशी ओतली, विहिरीवरून पाणी आणून दोनदा विसळली आणि काठोकाठ भरली. मडकं धुतलं. नवं डांगर ठेवलं, कुंकवाचं बोट लावलं, अक्षता टाकल्या. जुनं डांगर उकिरड्यात राखेखाली पुरलं. सगळं जागच्या जागी झालं तेव्हा मी स्वतःवर खूश होतो.

बारा दिवसांचं डांगर एका दुपारी ताजं झालेलं कोणाला दिसणार नाही असं मला का वाटलं, हे मला आजही सांगता येत नाही. मला वाटतं, मी फक्त चिलटांकडे पाहत होतो.

ऊन कललं तशी मोठी माय चुलीपुढे आली, पिठाची परात पुढे ओढली आणि थांबली. खोलीभर ताज्या खरबुजाचा गोड वास होता. ती उठून घागरीपाशी गेली, डांगरावर हात ठेवला, दाबून पाहिलं. मग पीठ लागल्या हातांनी बाहेर ओट्यावर गेली आणि ओरडली. मोठी माय ओरडायची नाही, त्यामुळे गल्ली गोळा झाली.

"पाहा वो, पाहा! मेलेल्या माणसाचं फळ बारा दिवसानं ताजं होते का? माह्या नवऱ्याचं पान तं राखलं नाहीच, आता त्याच्या वाट्याचं बी उकिरड्यात फेकलं या बाईनं!"

"होईन बाई, पुण्यवान असला तं होईन ताजं," समोरची काशी म्हणाली. दोघी-तिघी हसल्या.

माय धुण्याचं गाठोडं डोक्यावर घेऊन गल्लीच्या तोंडाशी आली होती. तिला काही माहीत नव्हतं. तिनं मोठ्या मायचे शब्द ऐकले आणि माझ्याकडे पाहिलं. मी दारात उभा होतो. माझ्या कोपरापर्यंत रस वाळलेला होता, तो धुवायचा राहिला होता. मायनं गाठोडं उतरवलं.

"हो, म्या फेकलं," ती म्हणाली. "नासकं ठेवून लेकराईले आजारी पाडू का? म्या फेकलं, अन् पुन्हा ठेवलं तं पुन्हा फेकीन."

मी तोंड उघडलं होतं. एवढं मला नक्की आठवतं. पण मग मोठी माय आत गेली, आपला तवा, आपली परात आणि पिठाचा डबा घेऊन बाहेर आली. अंगणात तीन दगड मांडले. "या चुलीवरचं अन्न माह्या तोंडात जाणार नाही," म्हणाली आणि फुंकणीशिवायच, वाकून, तोंडानं जाळ फुंकायला लागली.

संध्याकाळी मी गोठ्यात मायला गाठलं. म्हणालो, "माय, मी सांगून टाकतो तिले."

"गप राय." तिनं गवताची पेंढी म्हशीपुढे आपटली. "तुहं नाव निघालं तं ती काय म्हणीन? माह्या माणसानं ज्याले शिकवलं त्यानंच त्याचं पाणी ओतलं. ते तिले सोसाचं नाही. माहं नाव सोसते. माह्या नावाची तिले सवय हाये." मग माझ्या हाताकडे पाहून म्हणाली, "ते हात धू आधी. मुंग्या लागतीन. शास्त्र म्हणे!"

तीन दिवस दोन चुली पेटल्या. वडील एकदा आत जेवायचे, एकदा बाहेर, आणि दोन्हीकडे अर्धपोटी उठायचे. चिलटं खरोखर कमी झाली. मी ज्या गोष्टीसाठी एवढं केलं ती घडत होती आणि तिच्याकडे पाहायला घरात कोणाला सवड नव्हती. चौथ्या दिवशी सकाळी मोठी माय वाऱ्यात जाळ सांभाळत भाकर थापत होती. मी तिच्यापुढे जाऊन उकिडवा बसलो. माझी बोलायची रीत अशी की आधी घाम येतो.

"मोठी माय, डांगर म्या फेकलं."

थाप थांबली नाही. "माहीत हाये."

"माहीत हाये?"

"तुही माय फेकती तं घागर उंबऱ्याबाहेर ठेवून देती अन् कडी लावती. विहिरीवरून पाणी आणून काठोकाठ भरणारी नाही ती. कुंकवाचं बोट बी तुहंच. वाकडं."

"मंग तिले काऊन बोलली?"

तिनं भाकर तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. "मंग कोणाले बोलू? तुले बोलली तं तू रडशीन. तुही माय उलटून बोलते." भाकर उलटवली आणि म्हणाली, "दिवसभर कोणी बोलत नाही माह्याशी. ती तेवढी बोलते."

मी म्हणालो, चुकलो. ती म्हणाली, "चुकला ते डांगरात नाही. डांगर नासलंच होतं, मले काय नाक नाही? पाणी ओतलं ते चुकला. ते तेच्या नावानं भरलं होतं. शेवगा धाला, तो तहानेलाच." मग पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "आता ती घागर उचलाची का नाही, ते मी सांगू शकत नाही, तुहा बाप सांगू शकत नाही. ज्याचा मान हाये त्याले जाऊन विचार. खरं सांगून विचार."

मी त्याच दिवशी निघालो. धामणगाव, बुलढाणा, मेहकर, डोणगाव. तीन गाड्या बदलून दिवस कलता कलता पोचलो. गणपतदादा आडतीत तुरीचं माप घेत होता. "रामा दोन, रामा तीन" असं लांबट सुरात मोजत त्यानं मला पाहिलं आणि मोजणं पुरं करेपर्यंत ओळख दाखवली नाही.

"कॉलेजवाले साहेब! वाट चुकले का?"

मी सगळं सांगितलं. मधे अडखळलो की तो नुसता पाहत राहायचा.

"पाणी कशाले ओतलं बे?"

"अळ्या उतरल्या होत्या."

"मंग बरोबर ओतलं." मग त्याचा चेहरा कडक झाला. "लहान्या मामीनं काही सांगून पाठवलं?"

लहानी मामी म्हणजे माझी माय. त्या एका प्रश्नावर सगळं अडलं होतं हे मला समजलं. हो म्हणालो असतो तर तो तेव्हाच निघाला असता असं मला वाटतं. म्हणावंसं फार वाटलं.

"नाही," मी म्हणालो. "तिले मी इथी आलो हेच माहीत नाही."

त्यानं हातातलं माप तुरीच्या ढिगात खुपसलं. "चहा पे अन् जाय. येण्याचं पाहू."

तो आला तो आणखी चार दिवसांनी, न कळवता, भर सकाळी. अंगणात उभा राहून साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडला, "डांगर फेकणारा कुठी हाये? बाहेर ये, साहेब!" काशी आपल्या दारात आली. मी बाहेर गेलो. काशीनं माझ्याकडे पाहिलं, मग आमच्या घराच्या दाराकडे, आणि तिला सगळं समजल्याचं मला दिसलं. गल्लीत ते दुपारपर्यंत फिरलं असणार.

गणपतदादा छपराखाली आला नाही. मोठ्या मायनं तीन दगडांपाशी सडा टाकून त्याचं पान मांडलं. मी आंबे पिळले. पोळी, रस, कुरडी, चिंचवणी. आतून मायच्या बांगड्यांचा आवाज येत होता, ती काहीतरी घासत होती आणि फार वेळ तेच घासत होती. रस वाढला तशी आमच्या सैपाकघरात उरलीसुरली होती ती चिलटं झरोक्यातून निघून पानावर आली. कुठून येतात, कशी कळते त्यांना! गणपतदादानं डाव्या हातानं चिलटं एकदा वारली, दोनदा वारली. घास उचलला आणि थांबला.

आतलं घासणं बंद झालं. माय बाहेर आली. पानासमोर उभी राहिली, डोक्यावरचा पदर सोडून त्याचं टोक हातात घेतलं आणि पानावरून वारायला लागली.

"मामी, राहू द्या," गणपतदादा म्हणाला.

"तू जेव. तुह्यासाठी नाही वारत मी." तिनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. "हे पान माह्या भासऱ्याचं हाये. यावर चिलट बसू द्याचं नाही मले."

भासरा म्हणजे थोरला दीर. मोठ्या बाबांबद्दल त्यांच्या मरणानंतर मायच्या तोंडून निघालेला हा पहिला शब्द. गणपतदादानं घास तोंडात घातला. मोठी माय चुलीशी पाठमोरी बसली होती. ती पोळी उलटवत, मान न वळवता म्हणाली, "डाव्या अंगानं वार. तिकून येऊन राह्यले."

मायनं पदर दुसऱ्या हातात घेतला आणि डाव्या अंगाला गेली.

तो पोटभर जेवला. मग हात धुऊन, वहाणा अंगणातच ठेवून घरात आला, मऊ पडायला लागलेलं डांगर कापलं, पहिली फोड उभ्यानंच खाल्ली. घागर खांद्यावर घेतली तेव्हा पाणी हिंदकळून त्याच्या सदऱ्यावर सांडलं, आणि तो उंबरठ्याबाहेर पडला. मोठी माय दाराच्या एका बाजूला उभी होती, माय दुसऱ्या. तो गल्लीच्या वळणावर दिसेनासा झाला तरी मोठी माय तिकडे पाहत होती. मग तिनं घटाघटा पाणी पिऊन घ्यावं तसा एक श्वास घेतला आणि खाली बसली.

चूल मात्र एक झाली नाही. दुसऱ्याच दिवशी मोठ्या मायनं अंगणातल्या त्या तीन दगडांना माती लिंपून पक्की चूल केली. माय दारात येऊन म्हणाली, "तोंड तिकडं कर तिचं. धूर माह्या घरात येते."

मोठ्या मायनं मातीचा आणखी एक गोळा थापला. तोंड तिनं वळवलं नाही.